फौजदारसाहेबांचे खांदेकरी

बसा, पंखा तुमच्याकडे वळवतो. फोटोतले हे आमचे अब्बा, गयासुद्दीन फौजदार. अकोटात आजही कोणालाही विचारा, घर दाखवायला माणूस सोबत येईल. पाच वेळची नमाज त्यांनी चुकवली नाही, आणि ड्यूटी कितीही लांबली तरी अम्मीला एकटीला जेवू दिलं नाही. पण आम्हाला खरा अभिमान वेगळ्याच गोष्टीचा. हद्दीत बेवारस प्रेत सापडलं की पंचनामा उरकून हात झटकणारे ते नव्हते. आधी गावोगाव फिरून त्याचं नाव शोधत. नाहीच सापडलं, तर स्मशान असो की कब्रस्तान, स्वतः खांदा देऊन पोचवत. निवृत्तीनंतरही हे थांबलं नाही.

गेल्या मे महिन्यात पहाटेच्या फजरच्या नमाजेत अब्बा कपाळ टेकून सजद्यात गेले, ते उठलेच नाहीत.

त्या दिवशी ऊन शेचाळीस अंश. त्यात निम्मा मोहल्ला लग्नाला अमरावतीला गेलेला. संध्याकाळपर्यंत थांबावं, असं माझ्या मनात होतं. अम्मी म्हणाली, "त्यांनी कोणाले वाट पाहायले लावली नाही कधी. घेऊन जा, बेटा."

दुपारी जनाजा उचलला तेव्हा आम्ही जेमतेम नऊ जण, शेजारचे भाजीवाले ओमप्रकाशकाका धरून. कब्रस्तान दोन किलोमीटर. ज्याने जन्मभर परक्यांना खांदा दिला, त्याच्यासाठी खांदेकरी मिळू नयेत, याची मला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीपाशी पाय लटपटायला लागले, आणि अचानक खांदा हलका झाला. शेजारी एक माणूस आला होता, डावी भुवई मधोमध चिरलेला. "भाऊ, थकले असान... सोडा आता," तो हळूच म्हणाला. जनाज्याचा दांडा देताना त्याचा हात लागला. माठासारखा गार होता. मागे वळून पाहिलं, तर रस्ता माणसांनी भरलेला. कोणी बोलत नव्हतं. पावलांचा आवाज नव्हता. त्या रखरखीत उन्हात ओल्या मातीचा वास तेवढा येत होता.

ओमप्रकाशकाका कानाशी लागले. "शाहनवाज... हे लोकं कोठचे? डांबर वितळून राहिलं, अन् एकाच्याबी पायात चप्पल नाही..."

"अब्बांच्या वळखीचे असतीन," मी म्हणालो. खरं सांगतो, तेव्हा भीती वाटली नाही. अभिमानाने छाती भरून आली होती. तो भुवईवाला शेवटपर्यंत माझ्यासोबत चालला. माती दिली, दुआ झाली, डोळे पुसून वर पाहिलं, तर आम्ही नऊच जण उभे होतो.

दुसऱ्या दिवशी देवीदास जमादारांचा फोन आला. अब्बांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. त्यांनी मला शवागारात बोलावलं.

"काल सकाळी धा वाजता सापडला, कालव्याजवळ," ते म्हणाले. "साहेबांले फोन लावणार, तं तुमच्याकडची बातमी आली. तवापासून हा इथंच हाय. आता साहेब नाहीत, म्हणून तुमाले..."

त्यांनी चादर बाजूला केली. डावी भुवई मधोमध चिरलेली होती.

मी वाकून पुन्हा नीट पाहिलं. "काल दुपारी... याले बाहेर नेलं होतं का?"

"कावून? किल्ली माह्याजवळच हाय. वळखता काय याले?"

"हो," मी म्हणालो. "आमच्या घरचा माणूस हाय."

"नाव काय लिहू?"

माझी मान खाली गेली. अब्बांनी सगळ्यात आधी तेच विचारलं असतं. तो अर्धा तास माझ्या बापाला घेऊन माझ्याशेजारी चालला, आणि मी, गयासुद्दीन फौजदाराचा पोरगा, त्याला नाव विचारायचं विसरलो.

"मी शोधतो," मी म्हणालो. "आता हे काम माह्यं."

देवीदासजी चादर ओढायला वाकले आणि तसेच थांबले. "हे... काल नव्हतं. पंचनामा मीच लिहिला..."

त्याच्या उजव्या खांद्यावर दांड्याचा वळ होता. लाल, ताजा.