काठ नसलेलं पाणी

"समुद्र वाटतोय हा… मग पलीकडे डोंगर कसले?"

बद्रीनाथच्या हातातला कुंचला जागच्या जागी थांबला. मोती तलावाच्या काठी तो चित्र काढत बसला होता आणि मागे कोण येऊन उभं राहिलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. वळून पाहिलं तर एक मुलगी — उन्हाने डोळे बारीक केलेले, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं.

"डोंगर न्हाई, काठ हाये तो," बद्रीनाथ म्हणाला. "पानी हाये, तर मंग पल्याडचा काठ पायजेच की."

आता तिला हसू आवरलं नाही. तेवढ्यात तिचा भाऊ "दुर्गे, ओळख ना पाळख!" म्हणत पुढे आला, आणि पाहतो तर हा आपला सरकी काढायच्या जिनातला कारकून. शांताराम स्टेशनवर पार्सलबाबू होता, आणि कापसाच्या गाठी रवाना करायला बद्रीनाथ त्याच्याच खिडकीवर यायचा. मग काय, ओळख निघाली आणि रागवायचं राहूनच गेलं.

दुर्गा कोकणातली, केळशीची. आईच्या दुखण्यात तिचं लग्न लांबलं, आणि आई गेल्यावर भावाने तिला आपल्याजवळ जालन्याला आणलं. इथलं कोरडं ऊन, काळी माती आणि पिठलं-भाकरी यांत तिचा जीव रमेना. म्हणून निजामी राज्यातल्या शुक्रवारच्या सुटीला शांताराम तिला तलावावर आणायचा. तेवढंच पाणी नजरेला पडावं, दुसरं काय.

बद्रीनाथला चित्रकला कुणी शिकवली नव्हती. आपल्या गावची, पिंपळगाव रेणुकाईची शेतं काढता काढता त्याचं त्यालाच कळलं होतं की लांबचं झाड फिकं काढलं की ते आपोआप लांब जातं. शेत, रान, गाडीवाट हे सगळं आता हाताखालचं झालं होतं. पण जिनाच्या कचेरीतल्या कॅलेंडरावर एक समुद्र होता, आणि तो पाहिल्यापासून या गड्याने त्याचा ध्यास घेतला होता. समुद्र मात्र जन्मात पाहिलेला नव्हता.

पुढच्या शुक्रवारी दुर्गा आपणहून त्याच्याजवळ आली. शांताराम थोडा लांब बसून बिडी ओढू लागला, पण कान इकडेच.

"आज काय चाललंय?"

"चितर काढून राह्यलो."

"राह्यलात? कुठं राहता?"

"कादराबादेत," तो भाबडेपणाने म्हणाला, आणि ती तोंडाला पदर लावून हसत सुटली तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण खरं सांगायचं, तर आपल्या बोलण्यावर कुणी इतकं छान हसेल हे त्याला आवडलंच होतं.

"सांगा मंग," तो म्हणाला, "समुद्र कसा ऱ्हातो?"

दुर्गा सांगायला गेली आणि अडखळली. "मोठा असतो… म्हणजे… थांबा हं." तिने डोळे मिटले. "पायाशी मातकट असतो. निळा नाहीच. मग हिरवट होतो, आणि निळा पार लांब."

"आन् मंग थांबवायचा कुठं?"

"थांबवायचा नाही. आभाळाला टेकवायचा."

त्या हिवाळ्यात बद्रीनाथने किती कागद वाया घालवले, विचारू नका. जालन्याची हवा इतकी कोरडी, की आभाळाचा रंग डावीकडून उजवीकडे नेईपर्यंत डावीकडे वाळून जायचा आणि मध्ये पट्टे उमटायचे. शेवटी त्याने जिनातलं बारदान ओलं केलं, फळीवर अंथरलं आणि कागद त्याच्यावर ठेवला. मग रंग निवांत पसरू लागला. फेसासाठी तो आधी पांढरा रंग लावायचा.

"लाटेवर दही सांडलंय का?" दुर्गाने विचारलं.

त्यावर त्याने चार दिवस डोकं खाजवलं आणि पुढच्या वेळी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढला. कोऱ्या कागदावर तो अलगद घासला आणि वरून हिरवट पाण्याचा हात फिरवला. मेणावर रंग बसेना. लाटेच्या माथ्यावर फेस आपोआप उमटला.

"अगं बाई…" दुर्गा इतकी वाकून पाहत होती, की तिच्या केसांतल्या अबोलीचा गजरा त्याच्या खांद्याला लागला. दोघंही तसेच राहिले. शांताराम खाकरला, तेव्हा ती सावरून बसली.

फाल्गुनात चित्र जमलं. पायाशी मातकट, मध्ये हिरवं, लांब निळं, आणि पलीकडे काही म्हणजे काही नाही. बद्रीनाथने ते तिच्यापुढे धरलं. दुर्गा हसली नाही, की थट्टाही केली नाही. तिचे डोळे भरून आले.

"मामीचं बोलावणं आलंय," ती म्हणाली. "केळशीतच स्थळ आहे. पाडवा झाला की मुंबईहून आगबोटीनं जायचं…"

बद्रीनाथ घरी आला तो जेवलाच नाही. आई, गोजरबाई, ताट वाढून बसली होती. तिने एकदा मुलाकडे पाहिलं, एकदा चित्राकडे, आणि सगळं ओळखलं.

"येड्या, तू त्या पोरीला माहेराची वाट दाखवून राह्यला. दर सुट्टीला तिच्या डोळ्याम्होरं तिचं गाव मांडलं, मंग ती इथं कशाला थांबंल? घाल मागं दोन डोंगर. पानी तलावाचं दिसू दे."

बोलणं मनाला लागलं, कारण ते खरं होतं. जितका समुद्र चांगला, तितकी दुर्गा लांब. त्याने कुंचला भिजवला, रंगात बुडवला, कागदाजवळ नेला… आणि धुऊन ठेवून दिला. जे तिचं होतं ते बिघडवून तिला ठेवून घ्यायचं, हे त्याच्याने झालं नाही.

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी त्याने ते चित्र तिच्या हातात दिलं.

"घेऊन जा. तुमचंच हाये."

"मी कशाला नेऊ? तिथं दारात आहे की समुद्र."

"मंग… मंग जाऊच नका. मला करमायचं न्हाई. तुम्ही हसल्याबिगर मला चितर बराबर झालं का न्हाई, ते बी कळायचं न्हाई."

लांबवर शांतारामची बिडी विझली होती आणि तो काडी ओढायचं विसरला होता.

"माझा जन्म त्या समुद्राजवळ गेला," दुर्गा हळूच म्हणाली. "पण तो कसा दिसतो, हे मला कधी कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंत, तेव्हा मी नीट आठवून पाहिला… पहिल्यांदाच. त्याची आठवण येणार, रडूही येणार. ते तुम्हाला सोसावं लागेल."

"सोसंन की. बिलकुल सोसंन."

"आणि हे चित्र टांगायला भिंत आहे का तुमच्याकडे?"

"हाये. पन… पोपडे निघालेत."

"मग जल्दी चुना मारून घ्या," दुर्गा त्याच्याच भाषेत म्हणाली. "परवा दादा तुमच्या आईला भेटायला येतोय. कालच ठरलंय आमचं दोघा भावंडांचं."

"कालच? मंग आत्ता मला एवढं बोलू कशापायी दिलं?"

"ऐकायचं होतं," ती म्हणाली, आणि चित्र छातीशी धरून भावाकडे निघून गेली.