एका शिंप्याचे दोन चित्रकार

ठसे कोरून चित्रं छापणारी ठसेवाली आली तेव्हा वहिनी चष्मा पुसत होत्या. भाऊजी, म्हणजे त्यांचे दीर आणि खासगी तपासातले एकमेव मदतनीस, पेपरातलं कोडं चुकवत होते.

तिनं टेबलावर दोन चित्रं ठेवली. दोन्हींत खुर्चीत पेंगणारा म्हातारा शिंपी. त्याच्या डाव्या हातात कात्री, शर्टाला उजवीकडे एकच खिसा, त्यात पेन, मांडीवर अर्धवट उसवलेली बाही.

"हे माझं. लिनोच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ पट्टीच्या ठशावर कोरून छापलेलं. चार वर्षं राबले या पुस्तकावर. आणि हे एका चित्रकाराचं, ब्रशनं रंगवलेलं. त्याचं पुस्तक महिन्यापूर्वीच आलं. आता तो म्हणतो, चोर मी. प्रकाशकानं माझी छपाई थांबवलीय. छापलेले कागद उद्या रद्दीत."

"ज्याचं आधी छापलं, त्याचं चित्र," भाऊजींनी निकाल दिला.

"दवाखान्यात आधी पोचलेला माणूस बाप ठरत नाही, भाऊजी."

वहिनींनी ठसा मागून घेतला आणि बराच वेळ पाहिला. "यावर चित्र उलटं काढावं लागत असेल?"

"लागतं. पण मी आपली सरळच कोरत सुटते. मग छापलं की जीभ चावते."

प्रकाशकाच्या कचेरीत चित्रकार आधीच येऊन बसला होता.

"हिची चित्रं कुणी पाहिली होती?" वहिनींनी प्रकाशकाला विचारलं.

"वर्षभर याच टेबलावर होती. चहाला येणारा प्रत्येक जण चाळायचा."

"आणि हे?" वहिनींनी चित्रकाराकडे बोट केलं.

"दर गुरुवारी. बिनसाखरेचा."

चित्रकारानं चित्राच्या कॉपीराइट नोंदणीचं प्रमाणपत्र पुढे सरकवलं. "वडिलांना समोर बसवून रंगवलंय. दिसलं तेच काढलं. एक बटणही इकडचं तिकडं नाही."

"वडील डावखुरे?"

त्यानं चित्रातल्या कात्रीकडे पाहिलं. "हो. लहानपणापासून."

"शर्ट कुठला?"

"बाजारातला. यांच्यासारखाच." त्यानं भाऊजींकडे बोट दाखवलं.

"मिटलं!" भाऊजी म्हणाले. "म्हणून कात्री डाव्या हातात."

"भाऊजी, तुमचं पेन कुठंय?"

भाऊजींचा हात छातीवर डावीकडच्या खिशाकडे गेला आणि तिथंच राहिला.

"वडील डावखुरे असू शकतात," वहिनी म्हणाल्या, "शर्ट नसतो."

"पण वहिनी, हिच्या चित्रातही तीच चूक आहे की!"

"हिची चूक कुठून आली ते दिसतं. ठशावर कात्री उजव्या हातात आहे, खिसा डावीकडे. छापताना सगळं उलटलं. ब्रश काही उलटवत नाही. यांनी हिची चूकसुद्धा इमानदारीनं रंगवली."

"प्रमाणपत्र माझ्याकडे आहे!"

"चित्र काढलं त्या क्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो. कागद मागून येतो. कधी भलत्याच्या हातातही येतो."

"मी फक्त कल्पना घेतली हो," चित्रकार पुटपुटला.

"पेंगणारा शिंपी कुणाच्या मालकीचा नाही. शंभर जणांनी काढावा. तेवढंच घेतलं असतंत तर मी इथं आलेच नसते. तुम्ही बाही घेतलीत, लोंबत्या धाग्यासकट."

प्रकाशकानं छापखान्यात फोन लावला. "मशीन सुरू करा. हो, तेच पुस्तक."

चित्रकार उठेना. ठसेवालीनं विचारलं, "वडील आहेत ना खरंच?"

"आहेत. पण एका जागी बसतील तर शपथ. सारखे हलतात."

"मग हलतानाच काढा," ती म्हणाली. "ते तुमचं असेल."