उजव्या खांद्यावरचा पदर

"रुकिये... म्हणजे, थांबा जरा. तिथंच."

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावरच्या कमानीपलीकडच्या वाटेनं चाललेली विमल थबकली आणि आवाज कुठून आला ते बघायला तिनं मान वळवली. कमानीच्या अलीकडे तिकाटण्यावर कॅमेरा उभा होता, आणि शेजारी हातात कॅमेऱ्याच्या नळीचा रबरी फुगा धरलेला एक तरुण. त्यानं फुगा दाबला, खट् असा आवाज झाला.

"झालं. आभारी आहे."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तुम्ही नीट उभ्या राहिला असता, आणि फोटो बिघडला असता." त्यानं कपाळावरचे केस मागं सारले. "सकाळपासून कमानीत कुणी यायची वाट बघतोय. आधी एक म्हैस आली. उभी छान राहिली, पण शेपटी हलवली तिनं."

विमल मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रागावायला काही कारण असलं पाहिजे, असं तिचं मत होतं. इथं कारण होतं, पण राग येत नव्हता.

"पण कमानीतूनच का? उघड्यावर उजेड जास्त आहे."

"उघड्यावर डोळा सैरावैरा पळतो, बाई. नदी बघतो, नाव बघतो, धोबी बघतो. फोटोच्या चौकटीत आणखी एक चौकट बसवली... दार, खिडकी, झाडाची फांदी, काहीही... की तो गुपचूप माणसापाशी येऊन बसतो. बघायचंय?"

तिनं काळ्या फडक्यात डोकं घातलं. घासलेल्या काचेवर तापी वर वाहत होती आणि आभाळ खाली होतं. मधोमध कमान, ओंजळीसारखी उलटी.

"उलटंच दिसणार," ती आतूनच म्हणाली. "किरण सरळ रेषेत जातात."

"हे सांगणारं पहिलंच गिऱ्हाईक. बाकीचे म्हणतात, मास्तर, कॅमेरा दुरुस्त करून घ्या."

फडक्याच्या आत ती हसली. बाहेर येताना मात्र चेहरा शाळेतला केला.

तो श्रीकांत. बहादरपूरच्या कौतिक पाटलांचा धाकटा. केळीचे मळे थोरल्या भावावर सोडून त्यानं शहरात स्टुडिओ थाटला होता. प्रत न्यायला विमल वहिनीला घेऊन गेली. फोटो हातात आला आणि ती बघतच राहिली. आजवरच्या एकाही फोटोतली बाई तिला आपली वाटली नव्हती, नाक वाकडं नाहीतर हनुवटी परकी. ही मात्र ओळखीची होती. काळोख्या कमानीच्या कडेत, उजेडात थांबलेली.

त्यानंतर विमलला स्टुडिओत कामं निघू लागली. शाळेसाठी जुनं भिंग हवं होतं. मग ते भिंग परत करायचं होतं.

"भिंग बिघडलं का?" श्रीकांतनं विचारलं.

"नाही. मुलींचं बघून झालं."

"आणि बाईंचं?"

"माझं... चालू आहे अजून." असं म्हणून ती भिंग तिथंच ठेवून भराभर पायऱ्या उतरली. घरी पोचेपर्यंत कान गरम होते.

याच दिवसांत अकोल्याचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, माणसं चांगली, फोटो मागितलेला. कमानीतला फोटो घरात होताच. वहिनीनं त्यातला चेहरा बघितला, वडिलांनी कमान बघितली, आणि त्याची एक प्रत पाकिटात गेली. नाही म्हणायला विमलजवळ काही कारण नव्हतं. म्हणजे होतं, पण त्यानं अजून तोंड उघडलं नव्हतं.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात भाषेप्रमाणे नवी राज्यं झाली. अकोला मुंबई राज्यात गेलं, बुऱ्हाणपूर मध्यप्रदेशात राहिलं. दिवाळीनंतर स्थळ आणणारी गोदाबाई आत्या अकोल्याहून आली ती फणकाऱ्यातच.

"काय गं विमल, राज्य हिंदी झालं म्हणून पदरही बदललास? त्या घरच्या बायका विचारतात, मुलगी मराठी ना? मग पदर उजव्या खांद्यावर कसा, हिंदीवाल्यांसारखा? मी शपथा घेऊन आले. आता दुसरा फोटो पाठवा, म्हणजे होकार धरून चाला."

विमलनं आपली प्रत काढली. खरंच, पदर उजव्या खांद्यावर होता. घड्याळ उजव्या हातात होतं. तापीसुद्धा उलटी वाहत होती. निगेटिव्हची काच पालथी ठेवून छापलेला फोटो, आणि आरशातल्या प्रतिबिंबावर दर वर्षी धडा घेणाऱ्या बाईंना ते दिसलं नव्हतं. दिसणार कसं? आरशात रोज दिसते ती हीच तर होती.

ती तडक स्टुडिओत गेली.

"हा उलटा छापलाय."

श्रीकांत काच पुसत होता. पुसतच राहिला. "हो."

"चुकून?"

"...नाही."

"मग?"

"सरळही छापला होता. पण आपण वाचतो डावीकडून उजवीकडे. डोळ्याला तीच सवय. सरळ फोटोत तुम्ही उजवीकडे चाललेल्या, म्हणजे... निघालेल्या वाटत होता. उलटा केला, तर डोळ्याच्या समोरून येताय असं वाटलं." तो खाली बघून म्हणाला, "मला ते बरं वाटलं."

बाहेर टांग्याची घंटी वाजत गेली.

"उर्दू उजवीकडून वाचतात. मशिदीजवळ उर्दू पाट्या लिहिणारा कातिब हा फोटो बघेल, तर त्याच्या डोळ्याला मी निघालेलीच दिसेन."

"मग त्याला नाही दाखवत," श्रीकांत म्हणाला.

ती हसली नाही, कारण हसली असती तर रडूही आलं असतं. "अकोल्याचे दुसरा फोटो मागतायत. रविवारी काढाल? तो पाठवला की ठरलंच म्हणतात."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. तो काही बोलेल म्हणून ती थांबली... तो म्हणाला एवढंच, "काढतो. सरळ छापीन."

रविवारी राजघाटावर कोवळं ऊन होतं. वहिनी पायरीवर बोरं खात बसली. श्रीकांतनं कॅमेरा लावला, काचेची प्लेट सरकवली, फुगा हातात घेतला. आज एकही विनोद केला नाही. विमल कमानीपलीकडे गेली आणि उजवीकडे वळली.

"तिकडं कुठं? मागच्या वेळी डावीकडून आला होता."

"माहीत आहे. आज उजवीकडून येते. फोटो सरळच छापा. पदर आपल्या जागी राहील, आणि..." तिनं श्वास घेतला, "आणि मी येताना दिसेन."

श्रीकांत चाचरत म्हणाला, "पण अकोल्याच्या लोकांना... येताना काय, जाताना काय..."

"अकोल्याला नाही पाठवायचा. बहादरपूरला पाठवा. तुमच्या आईंना दाखवा. पसंत पडला तर बाबांना भेटायला या म्हणावं. बाबांशी मी काल बोललेय."

पायरीवर बोराची बी टपकन पडली.

"वन्सं," वहिनी शांतपणे म्हणाली, "मग पदर नीट सावरा. मुलाकडं फोटो चाललाय."

विमलनं पदर सावरला आणि ती निघाली. कमानीच्या सावलीच्या कडेनं उजेडात आली, मधोमध आली. तिथं तिनं थांबायचं होतं, आणि त्यानं फुगा दाबायचा होता. ती थांबली नाही. तो बघतच राहिला. ती वळून कमानीखालून अलीकडे आली, चौकटीच्या पार बाहेर, त्याच्यासमोर.

"प्लेट कोरीच राहिली," तो म्हणाला. "आता आईला दाखवू काय?"

"मला," विमल म्हणाली.