मनगटावरचा बाण

काका तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात होते आणि तिथे कुणाची चूक झालेली म्हणे त्यांनी कधी पाहिली नाही. निदान दिवसा तरी. काल रात्री गच्चीवर दिवे गेले, तेव्हा बोलले.

“माझ्या ओळखीचा एक प्लास्टरवाला होता. तेरा नोव्हेंबर, बुधवार, रात्रीचे सव्वादोन. सकाळी एका शिवणकाम करणाऱ्या मुलीचं ऑपरेशन. जन्मापासून दोन्ही मनगटांची हाडं वाकडी, पण उजव्याचं फारच. कात्री उचलली की सांधा निसटायचा. हाड कापून सरळ करायचं, प्लेट बसवायची. ह्याचं काम एवढंच, वॉर्डात जाऊन त्या हातावर पेनाने बाण काढून यायचं.”

“तिला विचारून ना?” ताई म्हणाली.

“नियम तसाच आहे गं. पण झोपलेल्या पोरीला कोण उठवतं? त्याने एक्स-रे दिव्यासमोर धरला, बाण काढला, निघाला.”

“उलटा धरला असणार,” मी म्हणालो.



“...उलटाच. बाण डाव्या हातावर.”

“त्या फिटरसारखंच की!” ताई म्हणाली.

त्याआधी काकांच्याच थिएटरात एका फिटरचं दुखऱ्याऐवजी चांगलं, डावं मनगट कापलं होतं. महिन्याभरात त्याने जीव दिला. थिएटरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी मिळून त्या चुकीला नशीब म्हणून टाकलं, काकांनीसुद्धा.

“ऐकायचंय की भांडायचंय?” काका खेकसले. मग आवाज खाली आला. “तो दारापाशी पोचला. मागे आवाज झाला. खट्ट. सांधा निसटतो ना, तसा. परत... खट्ट. त्याने वळून पाहिलं. मुलीच्या खाटेवर कुणीतरी वाकलेलं. डावा हात प्लास्टरमध्ये. चेहरा... दिसत नव्हता.”

“काही बोललं?”

“‘मलाही उठवलं नव्हतं.’ एवढंच.”

“मग?”

“पळाला.”

“तिला तिथेच टाकून? शाब्बास!”



“सकाळी बाण उजव्या हातावर होता. डावा स्वच्छ. मुलीला काहीच माहीत नाही, रात्रभर झोपलेली. ऑपरेशन झालं. सहा आठवड्यांनी ह्यानेच प्लास्टर कापलं. तिने कात्री उचलली. सांधा हलला नाही. हसली, गेली. हा कापलेलं प्लास्टर टाकायला उठला. सहज आत पाहिलं...”

“काय होतं?”



“चार बोटं उमटलेली. जाड, फिटरची असतात तशी. आतल्या बाजूला रुतलेली... मनगट धरून ठेवल्यासारखी.”