वीस नंबरची बाटली

दर मंगळवारी सकाळी दानीएल कंपाउंडर औषधाच्या खिडकीत बसायचा आणि लोकांनी परत आणलेल्या बाटल्यांतल्या गोळ्या मोजायचा. बेलापूरच्या अलीकडं, नदीकाठी, क्षयाचा दगडी दवाखाना होता. साल बहात्तरचं. नदीत पाणी नव्हतं, वाळूच वाळू. त्या साली दवाखान्यात एका नव्या गोळीची परीक्षा चालली होती. लोक तिला नंबराची गोळी म्हणायचे.

परीक्षा म्हणजे कशी, तर सुई सगळ्यांना सारखीच. वर रोज एक तांबडी गोळी. पण गोळ्यांचे डबे दोन. एकात खरं औषध, दुसऱ्यात नुसती पिठाची गोळी. रंग तोच, आकार तोच. कुठल्या डब्यात काय आहे हे डॉक्टरसाहेबांनाही ठाऊक नव्हतं. कुठल्या नंबराला कुठला डबा, ते फक्त दानीएलच्या वहीत. गोळी न् गोळी मोजून दर महिन्याला कागद मुंबईला जायचा, एक गोळी कमी भरली तरी जाब द्यावा लागायचा. वीस वर्षांत त्याच्या हातून एक बाटली चुकली नव्हती, म्हणून तर हे काम त्याच्याकडं दिलेलं.

दानीएलला एकच लेकरू, हन्ना. अकरा वर्षांची, दोन वेण्या, निळ्या रिबिनी. तिची आई ह्याच खोकल्यानं गेलेली. आषाढात हन्नाच्याही थुंकीत रक्त दिसलं, आणि साहेबांनी तिचं नाव परीक्षेत घातलं. नंबर आला एकोणीस. तिच्या मागं वीस नंबर राहीबाईचा. राहीबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरी नवरा सहादेव आणि पाच वर्षांची पोरगी गोजर.

राहीबाईला अक्षर येत नव्हतं. पण गोळी घेतली की ती एका काळ्या दोऱ्याला गाठ मारायची. मंगळवारी खिडकीत बाटली ठेवायची, शेजारी दोरा ठेवायची.

"बघा दानीएलदादा, सात गाठी. तुमची वही आन माजा दोरा, दोन्ही एकच बोलत्यात का न्हाई?"

"बोलतात, बाई," दानीएल म्हणायचा.

दुसऱ्याच मंगळवारी ती खिडकीशी वाकली आणि हळूच म्हणाली, "दादा, सांगायला लाज वाटती. लघवी पार तांबडी व्हती हो. रगत तर न्हाई ना?"

दानीएलनं तिला धीर दिला. पण त्या दिवशी त्यानं बाकीच्यांनाही बाजूला घेऊन विचारलं. वहीशी ताळा लावला. ज्यांची लघवी तांबडी, ते सगळे एकाच डब्याचे, आणि वजनाच्या काट्यावर तेच चढत होते. हन्नाची लघवी पाण्यासारखी होती. हन्ना पिठाची गोळी गिळत होती.

साहेबांना सांगितलं असतं तर? साहेब म्हणाले असते, परीक्षा संपेपर्यंत हात लावायचा नाही. असं दानीएलनं स्वतःलाच सांगितलं, आणि विचारायला गेलाच नाही. संध्याकाळी त्यानं पुढच्या आठवड्यासाठी भरलेल्या दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्या ओल्या करून सोडवल्या, एकोणीसची वीसला लावली, वीसची एकोणीसला. मग दर आठवड्याला तसंच. ह्या डब्यातली एक, त्या डब्यातली एक. मोजणी चोख राहिली.

नवी बाटली सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी हन्नाची लघवी तांबडी झाली. महिन्यात ती अंगणात ठिकऱ्या खेळायला लागली.

राहीबाई आली तेव्हा खुश होती. "दादा, तांबडी व्हायची बंद झाली बगा. मी म्हनलं, काय बिगडलं का?"

दानीएलनं मान वर केली नाही. "रोग उतरला म्हणजे तसंच होतं, बाई. गोळी चुकवू नको."

"न्हाई चुकवत. तुमच्या हाताला गुन हाय, दादा. तुमच्या लेकीला माजंबी आयुष्य मिळू दे."

तिनं एक गोळी चुकवली नाही. दसऱ्याच्या आत ती गेली. मंगळवारी सहादेव बाटली परत घेऊन आला, रिकामी. दोऱ्याला गाठ मारायला जागा उरली नव्हती. "शेवटच्या दिशी बी घेतली तिनं," तो म्हणाला. "म्हनली, दादाला इचारा, आता किती ऱ्हायल्यात." दानीएलनं बाटलीत दोरा टाकला, बूच लावलं आणि बाटली कपाटात कुलूपबंद केली. किल्ली त्याच्या गळ्यात असायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यात कोणी नव्हतं. पत्रा तापून कडकड वाजत होता, कार्बोलिकचा वास नाकात भरत होता. दानीएल घरी जाऊन हन्नाला गोळी देऊन आला होता. वही काढायला कपाट उघडलं, तर वीस नंबरच्या बाटलीत एक गोळी.

ओली. तोंडातून नुकती काढल्यासारखी. तिचा तांबडा रंग सुटून काचेवर ओघळला होता, आणि गोळीला लाळेचा वास होता, लहान पोराच्या तोंडाला येतो तसा.

संध्याकाळी कपाट उघडलं तर बाटलीत नुसता दोरा.

रोज असंच होऊ लागलं. हन्ना त्याच्यासमोर पाण्याबरोबर गोळी गिळायची, आ करून दाखवायची. तो दवाखान्यात येऊन कुलूप काढायचा, गोळी बाटलीत ओली पडलेली. दिवस मावळला की नाही. हन्नाची लघवी पुन्हा पाण्यासारखी झाली. दिवाळीला तिनं अंथरूण धरलं.

एकदा त्यानं ती ओली गोळीच मुठीत घेऊन घर गाठलं. हन्नाच्या जिभेवर ठेवली, तोंड दाबून धरलं, घशावरनं हात फिरवला. पोर गुदमरली, डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, सोडा ना... गिळली मी."

तो पळत परत गेला. गोळी बाटलीत होती. आधीपेक्षा जास्त ओली.

त्या दिवशी तिन्हीसांजेला हन्ना गाढ झोपली होती. दानीएल पांघरूण सारखं करायला वाकला, तर पोरीच्या पायांचे दोन्ही तळवे मुरमानं माखलेले. पंधरा दिवसांत जी पोर उठून बसली नव्हती, तिचे. मुरूम होता खडीच्या कामावरचा, पांढुरका. दवाखान्याच्या वाटेला काळी माती.

"हन्ना, कुठं गेली होतीस?"

तिनं डोळे न उघडता सांगितलं, "मावशीबरोबर... ती म्हणते, घेतलेलं परत द्यायचं असतं."

"कोण मावशी?"

"तुम्हाला माहीत आहे की."

दानीएलनं ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसले आणि फडकं चुलीत घातलं.

शेवटी साहेबांनी त्याला बोलावलं. "दानीएल, पोरगी इतकी चांगली चालली होती. औषध नीट घेते ना? खरं काय ते सांगा. दुसरं औषध पुण्याहून मागवता येईल, पण मला आधी कळलं पाहिजे की काय बिघडलं."

तोंड उघडायचं, एवढंच काम होतं. दानीएलच्या डोळ्यांपुढं त्याची वही आली, वीस वर्षांचं नाव आलं, फौजदार आला.

"घेते, साहेब," तो म्हणाला. "एकही चुकली नाही."

नाताळच्या आधीच्या रविवारी हन्ना गेली. तिला अंघोळ घालणाऱ्या बायांनी वेण्या सोडल्या, तर निळ्या रिबिनीला गाठी. ओळीनं, बारीक, एकीला एक लागून. एका बाईनं त्या सोडवायला घेतल्या, सुटेनात. तशीच मातीत ठेवली तिला.

त्याच आठवड्यात दानीएलला खोकला लागला. मंगळवारी सकाळी रुमालावर तांबडा ठिपका पडला. हन्नाच्या बाटलीत अजून तीन गोळ्या होत्या, मोजून परत करायच्या. त्यातली एक त्यानं गिळली. वीस वर्षांत पहिल्यांदा वहीत खोटा आकडा लिहिला आणि खिडकीत येऊन बसला.

उन्हं वर आल्यावर खिडकीत सहादेव उभा राहिला. कडेवर गोजर. गाल भरलेले, डोळे टवटवीत.

"दादा, तुमचे पाय धरायला आलोय. राही गेली तशी ही बी खोकाया लागली हुती. मला वाटलं, गेली ही बी. पर तुमी गोळ्या धाडल्या आन पोर उठली."

"मी नाही धाडल्या," दानीएल म्हणाला.

"आसं कसं? रोज दिस मावळताना तुमची पोरगी याची की. एवढीशी, निळ्या रिबिनीची. लई खोकायची बिचारी. मुठीत एक गोळी घिऊन याची, ओली असायची. म्या म्हनलं, घामानं. सोता गोजरीच्या तोंडात घालायची. पयल्यांदा हिची लघवी तांबडी झाली तवा भ्यालो, पर राहीचं बी तसंच झाल्तं अन् तवाच तिला बरं वाटत हुतं."

दानीएलच्या हातातली वही खाली पडली. "शेवटची कधी आली?"

"रईवारच्या आदल्या दिशी गोळी घिऊन आल्ती. मंग काल आली, पर रिकाम्या हातानं." सहादेवनं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हनली, माज्या संपल्या. उद्यापास्नं बाबाच्या आनते."

गोजर खिडकीच्या गजातून आत बघत होती. दानीएलकडं नाही, त्याच्या मागं, कपाटाकडं. ओळखीचं कोणी दिसावं तशी हसली.

दानीएल उठला. गळ्यातली किल्ली काढून त्यानं कुलूप काढलं. दार उघडलं. वीस नंबरच्या बाटलीवर बूच घट्ट होतं. आत काळा दोरा होता, गाठींनी भरलेला, त्याला पुढं निळी रिबीन जोडलेली.

आणि तळाशी एक गोळी. ओली, अजून कोमट.