पाठीत अर्धा इंच

उत्तम पहिल्यांदा दुकानात आला तो उजवा हात अंगाला घट्ट चिकटवून. मे महिन्याची दुपार, मानपाडा रोडवरचं विश्राम मास्तरांचं दहा बाय बाराचं शिलाईचं दुकान, आणि काजं करत बसलेली मास्तरांची लेक शालन. तिला वाटलं, बिचाऱ्याचा हात मोडलाय. पण त्याने लाजत लाजत हात उचलला, तेव्हा शर्ट बगलेपासून कमरेपर्यंत उसवलेला दिसला.

“सकाळी गोल्फ खेळायला गेलेलो,” तो म्हणाला. “पहिल्याच फटक्याला... हे असं.”

१९९१ सालच्या डोंबिवलीत माणसं भांडणात शर्ट फाडून घेत, पण गोल्फ? शालनला हसू आवरेना. तोही हसला, आणि हसताना त्याचा हात पुन्हा अंगाला चिकटला. माणूस आवडायला एवढंही पुरतं, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक होतं!

तो टिटवाळ्याचा. एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात विक्रीचं काम बघायचा. नव्या साहेबांना बाहेरगावच्या पाहुण्यांबरोबर रविवारी मुंबईच्या क्लबात गोल्फ खेळायचा नाद होता आणि चौथा गडी कमी पडायचा. क्लबात कॉलरशिवाय प्रवेश नाही, म्हणून पठ्ठ्या लग्नाकार्यात घालायचा टेरिकॉटचा शर्ट घालून गेला होता.

शालनने त्याला खेळ समजावून द्यायला लावला. एवढासा चेंडू काठीने लांब मारायचा, मग त्याच्यामागे चालत जायचं, पुन्हा मारायचा, शेवटी एका भोकात घालायचा. ती म्हणाली, मग सरळ हातानेच नेऊन टाकायचा की. तो म्हणाला, साहेबांना हे सुचलं नसावं.

मापं मास्तर घेत. पुरुषाच्या अंगाला पोरीने टेप लावायची नाही, हा दुकानाचा दंडक. मास्तर टेप बोटांनी चाचपून आकडे मोठ्याने सांगत आणि शालन वहीत लिही. छाती अडतीस, खांदा साडेसतरा... त्याचं एकूण एक माप तिला पाठ झालं, हात मात्र एकदाही लागला नाही. दोन वर्षांपासून मास्तरांचे डोळे दगा देत होते, त्यामुळे कापणं-शिवणं सगळं तीच करायची. बाहेर हे कुणाला सांगायचं नाही, असं बापलेकीत ठरलेलं. मास्तरांना एकाच गोष्टीचा अभिमान होता, की चाळीस वर्षांत त्यांचं माप चुकलं नव्हतं.

तिने त्याला हातात कापड मोजायचा लाकडी गज देऊन दुकानाच्या पायरीवर फटके मारायला लावले आणि कापड कुठे ओढतंय ते बघितलं. मग साधं सुती कापड निवडलं, घाम पिणारं. पाठीला चुणी, आणि बगलेत सदऱ्याला लावतात तसा चौकोनी तुकडा. पुढच्या सोमवारी तो धावतच आला.

“कसा झाला?” तिने विचारलं.

“अंगात आहे की नाही, कळतच नाही. कुठे अडतच नाही.”

मग तो येतच राहिला. कधी कॉलर मऊ हवी, कधी खिसा नको. दीड वर्षात सहा शर्ट झाले. एवढे शर्ट कारखान्याच्या साहेबाकडेही नसतील. मास्तर समजून होते. आणि ही दोघं? शर्टाबद्दल तासभर बोलतील, पण त्यापलीकडे... एक अक्षर नाही.

सातवा शर्ट त्याने पांढरा सांगितला. येत्या रविवारी मोठे पाहुणे येणार आहेत, फार महत्त्वाचं आहे, एवढंच म्हणाला. त्याच संध्याकाळी कारखान्यातला भिवा पँट न्यायला आला आणि सांगून गेला, की बडोद्याला नवा कारखाना निघतोय, साहेब इथली काही माणसं तिकडे पाठवणार. साहेब नेणार ते आवडत्या माणसालाच, आणि रविवारी खेळ रंगला की उत्तम गेलाच, असं शालनने स्वतःशी ठरवून टाकलं. त्याला विचारायला काय हरकत होती? पण विचारायचं तर मन उघडं करावं लागणार, आणि त्यापेक्षा तिला सुई-दोरा सोपा वाटला. तिने बगलेतला तुकडा लावला नाही, चुणी घातली नाही, आणि पाठ अर्धा इंच आत घेतली.

मंगळवारी तो शर्ट पिशवीत घेऊन आला. चेहरा उतरलेला. हात खांद्यावर जाईना, चेंडू जागचा हलेना, पाहुणे हसले, आणि साहेबांनी त्याच्या हातची काठी काढून दुसऱ्याला दिली.

मास्तरांनी शर्टाच्या पाठीवरून बोटं फिरवली. “अर्धा इंच कमी,” ते हळूच म्हणाले. “माझंच माप चुकलं. आता हे काम थांबवायला हवं.” त्यांनी गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली.

शालनला ते बघवेना.

“बाबा, माप बरोबर होतं. शिवताना मी आत घेतलं.”

“का?” उत्तमने विचारलं.

“तुम्ही बडोद्याला जाऊ नये म्हणून.”

उत्तम म्हणाला, “रविवार नीट गेला असता तर मी इथेच राहणार होतो. पाहुण्यांचं काम साहेब माझ्याकडे देणार होते. आता ते दुसऱ्याला दिलं, आणि बडोद्याला मी. आणि... सोमवारी मी मास्तरांशी बोलायला येणार होतो. तुमच्याबद्दल.”

“मला आधी का नाही सांगितलंत?”

“पक्कं झाल्यावर सांगू म्हटलं. पण तुम्ही तरी विचारायचं ना, शालन.”

नोकरी सोडायची त्याची सोय नव्हती, टिटवाळ्याला आई आणि दोन बहिणी त्याच्यावरच होत्या. त्याने पहिल्यांदाच तिला एकेरीत विचारलं, “चलशील?”

“जा पोरी,” मास्तर म्हणाले. “माझं चालेल. आण तो शर्ट, मीच मोकळा करतो.” आणि त्यांनी पांढऱ्या शर्टासाठी काळ्या दोऱ्याचं रीळ उचललं.

शालनने ते त्यांच्या हातून काढून घेतलं. उत्तमने बघितलं आणि मान खाली घातली. पुन्हा त्याने विचारलं नाही.

ती मशीनवर बसली. शिवण उसवली, पाठ सैल केली, बगलेत तुकडा लावला. अर्ध्या तासाच्या कामाला तिने दुपार घालवली आणि तो समोर स्टुलावर बसून राहिला. शर्ट घालून त्याने दोन्ही हात वर केले.

“आता?” तिने विचारलं.

“आता कुठेच अडत नाही.”

तो पायरी उतरून गेला. दीड वर्ष हेच वाक्य ऐकायला ती जीव ओतून शिवत आली होती. आज मात्र तिला वाटलं, निदान आजचा दिवस तरी ‘अडतंय’ असं खोटं बोलायचं होतंस रे.