पोत्यांची तोंडं

करारानंतरचा पहिला ट्रक नाक्यावर आला आणि दुपारी त्याचं सील तुटलेलं निघालं. तोडून पुन्हा नुसतं अडकवलेलं. आत साखरेची पोती होती, आणि शेवटच्या रांगेतलं एक पोतं ओढल्यावर मागे नशेच्या गोळ्यांचं पुडकं.

दोन शेजारी देशांनी सात वर्षं घासाघीस करून ठरवलं होतं, की तिकडे सील लावलेला ट्रक इकडे न उघडता पुढे जाईल. आजवर प्रत्येक पोतं तिकडच्या ट्रकमधून उतरवून इकडच्या ट्रकमध्ये चढवावं लागे. त्यावर चारशे हमालांच्या चुली पेटत. आता त्या विझणार होत्या, म्हणून सगळे सकाळपासून फाटकासमोर धरणं धरून बसले होते.

तपासणी अधिकारी बाई त्यांच्याच मुकादमाची भाची. आईबाप गेल्यावर मामाने पोती वाहून तिला शिकवलं. त्याची पाठ धरली होती, म्हणून तो धरण्याला नव्हता. अकराला ती डबा घेऊन त्याच्या घरी गेली, तर दाराला बाहेरून कडी. डॉक्टरकडे गेला असेल, असं म्हणून तिने डबा शेजारणीकडे ठेवला.

तिने ड्रायव्हरला समोर बसवलं.

"सील शेवटचं कधी पाहिलंस?"

"नाक्यावर थांबलो तेव्हा, मॅडम. धड होतं."

"किती वाजता?"

"साडेदहा. मग नाक्याच्या साहेबांनी फोटोसाठी उद्घाटनाच्या मांडवात नेलं. दीड तास भाषणं चालली. ट्रक मागे यार्डात."

"पुडकं तुझं नाही?"

"दहा वर्षं आत जाईन, एवढं मला कळतं. घरी चार महिन्यांची मुलगी आहे."

ती यार्डात गेली. तिकडचे हमाल पोत्याचं शिवलेलं तोंड बाहेर ठेवतात, तपासणाऱ्याला शिवण दिसावी म्हणून. आतल्या सगळ्या रांगा तशाच होत्या. शेवटच्या रांगेची तोंडं मात्र आत वळलेली. हे आपल्याला कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

चार वाजता गोदामात साहेब होते, ड्रायव्हर होता आणि बोलावलेला मामा.

"शेवटची रांग इकडे उतरवून पुन्हा लावली," ती म्हणाली. "तोंड आत ठेवायची रीत फक्त आपल्या नाक्यावर आहे. शिवण उसवली तरी माल सांडू नये म्हणून. मुकादमांनीच ती सगळ्यांना लावली."

"म्हणजे चारशेपैकी कोणीही," साहेब म्हणाले.

"नाही. पोलिसांनी धरण्यावरची नावं लिहून घेतलीत. एकच नाव त्यात नाही." मग ती मामाकडे वळली. "मामा, अकराला तू घरी नव्हतास. पुडकं आपल्याच जप्त मालाच्या खोलीतलं आहे, तिथे मोजून पाहिलं तर एक कमी भरलं. गेल्या महिन्यात तिथली थप्पी तूच लावलीस."

मामाने नाही म्हटलं नाही.

"एक ट्रक बदनाम झाला असता, तर करार थांबला असता," तो म्हणाला. "पहिल्यासारखं चाललं असतं, पोरी."

"आणि हा?" तिने ड्रायव्हरकडे बोट केलं.



तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते ऐकत राहिले, मग खुर्चीत बसले. "तिकडे बातमी पोचली. सील तिकडून धड निघालं, म्हणजे पुडकं आपल्याच माणसाने ठेवलं, असं म्हणतात. त्यांनी फाटक बंद केलंय. करार नाही, आणि उतरवणं-चढवणंही नाही. कधीपर्यंत, ते सांगत नाहीत."

बाहेर धरण्यावरच्या घोषणा अजून चालू होत्या. त्यांना सांगायला कोणी उठलं नाही.

ड्रायव्हर सुटला. ट्रक परत न्यायचा होता आणि शेवटची रांग पंचनाम्यासाठी जमिनीवर उतरवलेली होती. मामा आपणहून उठला.

"पाठ दुखत नाही का?" तिने विचारलं.

"दुखते ना. खोटं नव्हतं ते."

त्याने पोतं पाठीवर घेतलं, वर चढवलं आणि नीट सरळ केलं. तोंड आत. मग दुसरं, तेही तसंच. शिपाई बेडी घेऊन शेजारी उभा होता.